पालथ्या रुग्णाच्या छातीतली हवा

कण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्ण पालथा असतो. चेहरा फोमच्या उशीत, छाती आणि कमरेची हाडं आधारांवर टेकलेली, पोट मधल्या मोकळ्या जागेत सोडलेलं. पोट मोकळं ठेवण्यामागे कारण आहे. त्यावर दाब आला की पोटातल्या शिरांमधलं रक्त मणक्यांभोवतीच्या शिरांत चढतं आणि जखमेतला रक्तस्राव वाढतो. दोन्ही हात डोक्याच्या बाजूने पुढे घेतलेले असतात. बाकी सगळं अंग चादरींखाली झाकलेलं आणि पाठीचा लांबट पट्टा तेवढा उघडा. भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे असतात, पण त्यांना रुग्णाचे ओठ धड दिसत नाहीत आणि छाती वरखाली होतानाही दिसत नाही. स्टेथोस्कोप लावायचा म्हटलं तरी चादरीखाली हात घालून चाचपावं लागतं.

अशा स्थितीत फुफ्फुस मिटलं, तर ते कळायचं कसं आणि कळल्यावर करायचं काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. हा प्रसंग वारंवार येत नाही. पण येतो तेव्हा हाताशी असलेला वेळ मिनिटांत मोजावा लागतो, आणि ऑपरेशन थिएटरमधली माणसं एकमेकांशी काय बोलतात यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

उदाहरण म्हणून १४-१५ वर्षांची एक मुलगी धरू. तिचा कणा एका अंगाला वळला आहे. पुढे वाकायला सांगितलं की उजवीकडच्या बरगड्या उंचवटा धरून वर येतात. एक्स-रेवर मोजलेला वक्रतेचा कोन ५० अंशांच्या पुढे गेलेला आहे. हा कोन मोजण्याची रीत अमेरिकी अस्थिशल्यतज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. इतकी वक्रता पट्ट्याने किंवा व्यायामाने सरळ होत नाही. मणक्यांत स्क्रू बसवायचे, ते धातूच्या दोन दांड्यांना जोडायचे आणि कणा हळूहळू सरळ करत आणायचा, असा मार्ग उरतो.

स्क्रू बसतो तो पेडिकलमध्ये, म्हणजे मणक्याचा पुढचा गोल भाग आणि मागची कमान यांना जोडणाऱ्या हाडाच्या आखूड दुव्यात. छातीच्या मधल्या मणक्यांत हा दुवा जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असतो आणि वक्रतेच्या आतल्या बाजूला त्याहूनही अरुंद. त्यात बसवायचा स्क्रूही जवळपास तेवढ्याच जाडीचा. त्याची वाट थोडी आत चुकली तर मज्जारज्जू आहे, थोडी बाहेर चुकली तर बरगडीचं मूळ, आणि त्याला चिकटूनच फुफ्फुसाचं आवरण. बरगड्यांचा उंचवटा कमी करण्यासाठी काही बरगड्यांचे तुकडे काढायचे ठरले असतील, तर सर्जनचं हत्यार त्या आवरणाला अक्षरशः टेकूनच चालतं. आवरण तिथे फाटलं तर तो निष्काळजीपणाच, असा निष्कर्ष काढणं माझ्या मते अन्यायाचं आहे. पातळ पडदा हाडापासून सोडवताना तो कधीकधी फाटतो, हे गृहीत धरूनच तयारी केलेली असते.

हे आवरण दुपदरी असतं. एक पदर फुफ्फुसाला लगटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला आतून. मध्ये द्रवाचा पातळसा थर. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात पण सुट्या होत नाहीत, तसे हे पदर वागतात. फुफ्फुसाची ओढ सतत आक्रसण्याकडे असते आणि छातीच्या भिंतीची बाहेर पसरण्याकडे. या ओढाताणीमुळे दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. शांतपणे श्वास सोडून झाल्यावर हा फरक सुमारे ५ सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा असतो. एवढ्याशा फरकावर फुफ्फुस फुललेलं राहतं. पदरांमध्ये हवा शिरली की फरक संपतो आणि फुफ्फुस आपल्याच लवचीकपणाने आक्रसतं. फ्रेंच वैद्य इटार यांनी १८०३ मध्ये या अवस्थेला न्यूमोथोरॅक्स हे नाव दिलं. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात तिची लक्षणं तपशिलाने मांडली.

एक फुफ्फुस मिटलं म्हणजे माणूस लगेच दगावतो असं मात्र नाही. क्षयावर औषधं नव्हती त्या काळात डॉक्टर ते मुद्दाम मिटवत. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये ही कल्पना मांडली. सुईने छातीत हवा भरायची, रोगट फुफ्फुसाला विश्रांती द्यायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा हवा भरायला बोलवायचं. असे असंख्य रुग्ण एका फुफ्फुसावर आरोग्यधामांच्या आवारात हिंडत-फिरत होते. म्हणजे फुफ्फुस मिटणं ही निम्मीच गोष्ट आहे. खरा धोका त्या हवेवर दाब चढू लागतो तेव्हा सुरू होतो, आणि तो दाब ऑपरेशन थिएटरमध्ये कुठून येतो हे समजण्यासाठी शंभर वर्षांहून थोडं मागे जावं लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छाती उघडणं हे सर्जनच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. छाती उघडली की फुफ्फुस मिटे आणि स्वतःच्या बळावर श्वास घेणारा रुग्ण गुदमरे. ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, योहान फॉन मिकुलिच यांच्या हाताखाली काम करणाऱ्या फर्डिनांड झाउअरब्रुख या तरुण सर्जनने १९०४ मध्ये यावर तोडगा काढला. त्याने एक हवाबंद खोली बनवली. रुग्णाचं धड आत, डोकं बाहेर, मानेभोवती हवा न जाऊ देणारी गळपट्टी. सर्जन आणि मदतनीसही आतच. मग खोलीतली हवा थोडी उपसून दाब कमी करायचा. छाती उघडली तरी बाहेरचा दाब कमीच असल्याने फुफ्फुस फुललेलं राही. युक्ती अचूक होती, पण त्या उकाड्याच्या खोलीत काम करणाऱ्यांचे हाल झाले असणार.

पुढे १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेल्टझर आणि आउअर यांनी श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा सोडण्याची पद्धत दाखवली. बाहेरचा दाब कमी करण्यापेक्षा आतला वाढवायचा. आजचा भुलेचा प्रत्येक व्हेंटिलेटर याच तत्त्वावर चालतो, आणि कण्याच्या, हृदयाच्या, फुफ्फुसाच्या शस्त्रक्रिया त्यामुळेच शक्य झाल्या. पण फुफ्फुसाला छिद्र पडलेलं असेल, तर हाच व्हेंटिलेटर मिनिटाला बारा-पंधरा वेळा त्या छिद्रातून छातीत हवा ढकलत राहतो. तिला परतीची वाट नसली की दाब चढत जातो. फुफ्फुस पूर्ण दबतं, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, महाशिरांवर दाब येतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त आटतं. हृदय धडधडत असतं, पण पुढे ढकलायला त्याच्यात रक्तच उरत नाही.

कण्याची जखम उघडी असते तोवर हवेला निदान तिथून वाट मिळू शकते. म्हणून हा प्रकार नेमका टाके घालताना, स्नायू परत जुळवून जखम मिटत आल्यावर डोकं वर काढू शकतो. आवरण ज्या बाजूला फाटलं त्याच बाजूला हवा साचेल असंही नाही. शस्त्रक्रियेआधी मानेच्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालताना फुफ्फुसाला टोचलेलं असू शकतं. फुफ्फुसाच्या टोकाला पातळ फुगे असतील तर व्हेंटिलेटरच्या दाबाने त्यातला एखादा फुटू शकतो. मारफान सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असलेल्या उंच, सडपातळ मुलांत हे फुगेही आढळतात आणि कण्याची वक्रताही. म्हणजे ज्यांना ही शस्त्रक्रिया लागते, त्यांच्यातल्याच काहींची फुफ्फुसं मुळात नाजूक असतात.

आता मॉनिटरकडे येऊ. पहिली बदलते ती बहुधा श्वासमार्गातल्या दाबाची रेघ. पाण्याच्या १८-२० सेंटिमीटरवर स्थिर असलेला आकडा ३० ओलांडतो, ३५-४० कडे सरकतो. मग बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९९ वरून ९४, ९१, ८८. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची कमान बुटकी होते, कारण फुफ्फुसांपर्यंत रक्तच कमी पोचतं. नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. नाडीही मंदावू लागली, तर हृदय थांबण्याच्या बेतात आहे असं समजायचं.

यातली अडचण अशी की यांतलं प्रत्येक चिन्ह दुसऱ्या कशामुळेही दिसू शकतं. नळीला पीळ पडला, कफाचा गोळा अडकला, दम्यासारखी श्वासनलिका आवळली किंवा मान वाकल्यामुळे नळी सरकून उजव्याच फुफ्फुसात गेली, तरी दाब चढतो आणि ऑक्सिजन उतरतो. रक्तस्राव, एखाद्या औषधाची तीव्र ॲलर्जी किंवा उघड्या शिरेतून रक्तात शिरलेली हवा, यांनी रक्तदाब कोसळतो. म्हणून भूलतज्ज्ञ ठरलेल्या क्रमाने जातात. ऑक्सिजन १०० टक्के करायचा. व्हेंटिलेटर सोडून हाताने पिशवी दाबायची, म्हणजे यंत्राचा दोष वगळता येतो आणि फुफ्फुस किती कडक झालंय ते हाताला कळतं. नळीतून सक्शनचा बारीक कॅथेटर सोडायचा. तो अडथळ्याशिवाय खाली गेला तर नळीला पीळही नाही आणि गोळाही नाही. ओठांपाशी नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा सुरुवातीचाच आहे ना, ते बघायचं. मग दोन्ही काखांत स्टेथोस्कोप.

नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू चालू असेल तर तो ताबडतोब बंद. हा वायू रक्तात नायट्रोजनपेक्षा ३० पटींहून अधिक विरघळतो, त्यामुळे बंद पोकळीतून नायट्रोजन बाहेर पडायच्या कितीतरी आधी तो आत भरतो. एगर आणि साइडमन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं की ७५ टक्के नायट्रस ऑक्साइड दिल्यावर छातीतली हवा सुमारे १० मिनिटांत दुप्पट होते. कण्याच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूचे विद्युतसंदेश टिपायचे असल्याने बरेच भूलतज्ज्ञ हल्ली हा वायू टाळतातच.

हे सगळं करत असताना एक वाक्य मोठ्याने बोलायचं असतं.

"सर, जरा थांबा. प्रेशर चाळीसला गेलंय, सॅच्युरेशन उतरतंय. तुमच्याकडे काही झालंय का?"

"उजवीकडचा आठवा स्क्रू परत घालावा लागला, मॅडम. बाहेर गेल्यासारखा वाटला होता. बुडबुडे काही दिसले नाहीत."

या दोन वाक्यांत निदान जवळजवळ पूर्ण होतं. भूलतज्ज्ञांपुढे आकडे आहेत पण जखम दिसत नाही. सर्जनपुढे जखम आहे पण मॉनिटरकडे त्यांची पाठ आहे. दोघांकडे निम्मी-निम्मी माहिती असते आणि ती जोडायला बोलण्यावाचून दुसरं साधन नाही. सर्जन वयाने, मानाने मोठे असतात आणि त्यांचं काम नेमक्या नाजूक टप्प्यावर असतं, म्हणून 'आणखी दोन मिनिटं बघू' असं मनात म्हणून गप्प राहण्याचा मोह होतो. सर्जनलाही त्या स्क्रूची शंका बोलून दाखवायला जड जातं. मला या साऱ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की शंका वेळीच आणि खुल्या आवाजात बोलली जावी. सुई कुठे टोचायची हे पुस्तकात मिळतं. 'सर, थांबा' म्हणण्याची मोकळीक त्या खोलीतल्या माणसांनी आधीपासून तयार ठेवावी लागते.

वेळ असेल तर खात्री करण्याचं उत्तम साधन म्हणजे सोनोग्राफी. निरोगी छातीत आवरणाचे दोन पदर एकमेकांवर सरकताना पडद्यावर दिसतात. मध्ये हवा शिरली की ती हालचाल नाहीशी होते. ही खूण १९८६ मध्ये प्रथम नोंदली गेली ती घोड्यांत, पशुवैद्यकाच्या नियतकालिकात. फ्रान्सचे डॅनिएल लिख्टेनश्टाइन यांनी १९९५ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांत तिचा उपयोग सिद्ध केला. हवा नेहमी सर्वांत वरच्या जागी जमते. उताण्या रुग्णात ती छातीच्या पुढच्या बाजूला शोधतात, पालथ्यात पाठीला. त्यामुळे प्रोब लावायची जागा जखमेच्या शेजारीच येते आणि तो निर्जंतुक आवरणात घालून सर्जनच्याच हाती द्यावा लागतो.

रक्तदाब कोसळत असेल तर मात्र सोनोग्राफीची किंवा एक्स-रेची वाट बघायची नाही. इथे उपचार आधी आणि पुरावा नंतर. हवा बाहेर पडली आणि आकडे सुधारले, तोच पुरावा. छातीत सुई घालून हवा काढण्याची जुनी जागा म्हणजे गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून खाली, दुसऱ्या-तिसऱ्या बरगड्यांमध्ये. पालथ्या रुग्णात ती जागा खाली दबलेली असते. अपघातग्रस्तांच्या उपचारांचं प्रशिक्षण देणाऱ्या एटीएलएस अभ्यासक्रमाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी जागा बदलली आणि काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढची, चौथ्या-पाचव्या बरगड्यांच्या आसपासची जागा सुचवली, कारण पुढच्या बाजूला छातीची भिंत जाड असते आणि आखूड सुई आत पोचत नाही. पालथ्या रुग्णाचे हात डोक्याकडे घेतलेले असल्याने काख मोकळी सापडते, हा इथे योगायोगाने मिळालेला फायदा. सुई बरगडीच्या वरच्या काठाला धरून घालायची, कारण रक्तवाहिन्या आणि नस खालच्या काठाने जातात.

कण्याच्या सर्जनकडे याहूनही जवळची वाट असते. जखम उघडी आहे, बरगडीचं मूळ समोर आहे. त्याच बाजूचं आवरण तिथून बोथट हत्याराने उघडलं की कोंडलेली हवा सुस्कारा सोडल्यासारखी बाहेर येते. पुष्कळदा एवढ्यावरच रक्तदाब चढायला लागतो. सुई वाकते, रक्ताने बुजते, म्हणून ती तात्पुरती. पाठोपाठ छातीत जाड नळी टाकायची, जिला रुग्णालयांत सगळे आयसीडी म्हणतात. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली दोनेक सेंटिमीटर बुडवलेलं असतं. हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते, पाण्यातून उलटी येऊ शकत नाही. हॅम्बुर्गचे गॉटहार्ड ब्यूलाउ यांनी १८७५ मध्ये छातीतला पू काढण्यासाठी ही योजना वापरली होती. तेव्हापासून बाटलीची काच जाऊन प्लॅस्टिक आलं, तत्त्व तेच राहिलं.

हृदयच थांबलं तर? उताणं करायचं म्हटलं तर कणा उघडा आहे, अर्धे स्क्रू बसलेत, ट्रॉली बाहेर आहे आणि उलटवायला पाच-सहा माणसं लागतात. तेवढ्या वेळात मेंदूला रक्त मिळणार नाही. म्हणून पालथ्या स्थितीतच, दोन खांद्यांच्या फऱ्यांच्या मधल्या भागात दाब द्यायला सुरुवात करतात. जखम मध्ये आली तर तळवे तिच्या दोन्ही बाजूंना. छातीच्या मधल्या हाडाखाली कुणी मूठ किंवा आधार दिला तर दाब अधिक परिणामकारक होतो. कोविडच्या साथीत हजारो रुग्ण पालथे ठेवले गेले, तेव्हा अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० च्या सूचनांत हा मार्ग नमूद केला. दरम्यान ट्रॉली आत आणायची, जखम निर्जंतुक कापडाने झाकायची, उलटवण्याची तयारी करायची. माझं स्पष्ट मत आहे की अशा शस्त्रक्रियेत ट्रॉली पहिल्यापासून थिएटरच्या दाराशीच असावी, आणि ती कोण आणणार हे नावानिशी ठरलेलं असावं. संकटात 'कुणीतरी ट्रॉली आणा' असं ओरडलं की कुणीच हलत नाही.

नुसतं हृदय चालू राहणंही पुरेसं नाही. कणा ताणून सरळ केला जात असताना मज्जारज्जूला होणारा रक्तपुरवठा आधीच काठावर असतो. रक्तदाब काही मिनिटं पडला तर पायांकडे जाणारे संदेश मॉनिटरवर क्षीण होतात. म्हणून रक्तदाब वाढवणारी औषधं, सलाईन आणि लागल्यास रक्त देत असतानाच, दांड्यांवर दिलेला ताण सैल करण्याचा निर्णयही सर्जनला घ्यावा लागतो.

सगळेच प्रसंग इतके भयंकर नसतात. बऱ्याचदा आवरणाला छोटी चीर पडलेली सर्जनला डोळ्यांनी दिसते आणि फुफ्फुसाला धक्काही लागलेला नसतो. मग जखमेत सलाईन भरतात. भूलतज्ज्ञ पिशवी दाबून ३० सेंटिमीटरच्या आसपासचा दाब काही क्षण धरून ठेवतात आणि सगळे त्या पाण्याकडे बघतात. बुडबुडे आले नाहीत, तर फुफ्फुस शाबूत. चिरेतून रबराची मऊ नळी आत सरकवायची, तिच्याभोवती टाके आवळत आणायचे, फुफ्फुस फुगवून उरलेली हवा नळीतून घालवायची आणि फुगवलेल्या स्थितीतच नळी ओढून शेवटची गाठ मारायची. बुडबुडे येतच राहिले तर आयसीडीला पर्याय नाही.

क्षयाने पोखरलेल्या मणक्यांची गोष्ट थोडी वेगळी. हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी १९५६ मध्ये छातीच्या बाजूने शिरून रोगट मणका काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मणक्यांचा क्षय आपल्याकडे अजून खूप असल्याने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतल्या सर्जनना ती वाट ओळखीची आहे. तिथे छाती मुद्दाम उघडतात आणि आयसीडी पहिल्यापासून योजनेतच असते, म्हणून फुफ्फुस मिटण्याने कुणी गोंधळत नाही. धोका अनपेक्षित प्रसंगात जास्त.

अनपेक्षिताची तयारी करता येते का, याचं उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दिलं. ऑपरेशन थिएटरमधल्या १७ चमूंना बाहुलीवर घडवून आणलेल्या १०६ आणीबाणीच्या प्रसंगांना तोंड द्यायला लावलं. काही प्रसंगांत हाताशी लेखी यादी होती, काहींत नव्हती. यादी नसताना जीव वाचवणाऱ्या पायऱ्यांपैकी २३ टक्के राहून गेल्या, यादी असताना ६ टक्के. हा अभ्यास २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी माणसंही घाईत विसरतात. अशा वेळी सिस्टरने भिंतीवरची यादी मोठ्याने वाचत जाणं ही त्या खोलीतली मोलाची मदत असते.

शस्त्रक्रिया पुढे न्यायची की जखम शिवून दुसऱ्या दिवशी यायचं, हे रुग्ण किती लवकर सावरतो त्यावर ठरतं. नळी नीट चालते आहे आणि आकडे पूर्ववत झालेत तर बहुधा काम पुरं करतात. त्यानंतर उताणं केल्यावर, आणि पुढच्या दिवसभरातही, एक्स-रे काढून पाहतात, कारण बारीक गळती उशिरा उघड होते. बुडबुडे थांबले, फुफ्फुस पूर्ण फुललं, की काही दिवसांत नळी काढतात.

घरच्यांनी शस्त्रक्रियेआधी एक गोष्ट आवर्जून सांगावी. मुलाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं फुफ्फुस पूर्वी कधी आपोआप मिटलं असेल, घरात मारफान सिंड्रोम असेल किंवा रुग्ण सिगारेट ओढत असेल, तर ते भूलतज्ज्ञांना माहीत हवं. व्हेंटिलेटरचा दाब ठरवताना त्याचा उपयोग होतो. आणि नंतर विमानाने गावी परतायचं असेल तर आधी विचारावं. केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतका उतरू शकतो, म्हणजे छातीत राहिलेली हवा एक-तृतीयांशाने फुगते. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यानंतरही एक ते दोन आठवडे थांबायला सांगतात ते यासाठी. तोवर रेल्वेने जाता येतं, पाठीला झेपेल तसा प्रवास टप्प्याटप्प्याने करावा.